जुना टॅब ॲक्टिव्हेट होत नाही? आधी कुलूप कोणतं ते ओळखा

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकलेला टॅब हातात आला, चार्जिंगला लावला, वायफायचा पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवर ओळ उमटली की ॲक्टिव्हेशन होऊ शकलं नाही. अशा वेळी नवखा माणूस हमखास एकच गोष्ट करतो, ती म्हणजे फॅक्टरी रिसेट, म्हणजे टॅब पूर्ण पुसून पहिल्यासारखा कोरा करणं. मीही तेच केलं होतं. अँड्रॉइड ६ चा टॅब होता आणि त्यावर विकणाऱ्याचं गूगल खातं तसंच राहिलं होतं. पिन त्याने सांगितला होता, टॅब उघडत होता, सेटिंग्जमधून खातं काढायला दोन मिनिटं लागली असती. पण मी शहाणपणा करून पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिसेट मारला. टॅब पुन्हा सुरू झाला तो थेट विकणाऱ्याचा ईमेल आणि पासवर्ड मागत. त्याला तो पासवर्ड आठवेना. तो सापडेपर्यंत तीन दिवस टॅब नुसता टेबलावर पडून होता.

म्हणून पहिला नियम असा: बिघाड कशाचा आहे हे कळेपर्यंत रिसेट नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणंही नाही.

ॲक्टिव्हेशन या एका शब्दामागे खरं तर तीन वेगळी कुलपं आहेत. पहिलं परवान्याचं. या टॅबवरच्या विंडोजचे पैसे भरलेत का, एवढंच ते विचारतं. दुसरं मालकीचं. टॅब कोणाचा, हा त्याचा प्रश्न, आणि तो आयपॅड आणि अँड्रॉइडवर येतो. तिसरं संस्थेचं. टॅब एखाद्या कंपनीच्या किंवा शाळेच्या ताब्यातून आला असेल आणि त्यांनी तो आपल्या यादीतून काढला नसेल, तर ते समोर येतं. तिन्हींची चावी वेगवेगळ्या माणसाकडे असते. परवान्याचं कुलूप बऱ्याचदा तुम्ही स्वतः सोडवू शकता, मालकीचं आधीचा मालक सोडवतो, संस्थेचं फक्त ती संस्था. चुकीच्या दारावर थापा मारण्यातच लोकांचे आठवडे जातात.

कुलूप शोधण्याआधी घड्याळ बघा

हे इतकं किरकोळ वाटतं की कोणी बघतच नाही. वर्षभर कपाटात पडलेल्या टॅबची बॅटरी पूर्ण उतरते आणि आतलं घड्याळ कारखान्यातल्या एखाद्या जुन्या तारखेवर जाऊन बसतं. टॅब चालू होतो, वायफाय जोडलं जातं, सगळं ठीक दिसतं, पण टॅबच्या लेखी आज २०१४ सालातला एखादा दिवस असतो. ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर आपली ओळख पटवायला जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर ‘अमुक तारखेपासून वैध’ असं लिहिलेलं असतं. टॅबच्या हिशेबाने ती तारीख अजून उजाडायचीच असते, त्यामुळे तो सर्व्हरवर विश्वासच ठेवत नाही आणि बोलणं सुरू होण्याआधी तुटतं. विंडोजमध्ये अशा वेळी येणाऱ्या एरर कोडचा शेवट ‘२एफ८एफ’ असा असतो. तो दिसला की दुसरीकडे कुठेही न बघता तारीख तपासा.

विंडोजवर एक गंमत आहे. तारखेच्या सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ (नेटवरून वेळ जुळवा) दाबलं तरी घड्याळ कधीकधी जुळतच नाही. कारण फरक १५ तासांहून जास्त असला तर विंडोज ती दुरुस्ती आपणहून नाकारते. इतका मोठा फरक म्हणजे काहीतरी घोळ असणार, असं तिला वाटतं. अशा वेळी आपोआप वेळ लावण्याचा पर्याय बंद करा, तारीख, वेळ आणि टाइम झोन हाताने टाका, मग तो पर्याय पुन्हा चालू करून सिंक करा.

अँड्रॉइडवर सुरुवातीच्या सेटअपमध्ये वायफायची पायरी वगळता येत असेल तर वगळा, होम स्क्रीनपर्यंत पोचा, सेटिंग्जमधून तारीख लावा आणि मग नेटला जोडा. आयपॅडच्या स्वागताच्या स्क्रीनवर तारीख बदलायची सोय नाही. तिथे टॅब केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि विंडोजवर आयट्यून्स, तर मॅकवर फाइंडर उघडा. कॉम्प्युटरच्या नेटवरून ॲक्टिव्हेशन होतं, टॅबचं वायफाय त्यात लागतच नाही.

मग नेट

वायफायचं चिन्ह दिसतं म्हणजे नेट पोचलं असं नाही. ज्या वायफायवर आधी एक पान उघडून मोबाइल नंबर टाकावा लागतो, त्यावर ॲक्टिव्हेशन बहुतेकदा अडकतं, कारण ते पान सेटअपच्या मध्ये नीट उघडत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवर फायरवॉल, म्हणजे नेटची ये-जा अडवणारी सुरक्षा, आडवी येऊ शकते. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहणं. हॉटस्पॉटवर झालं आणि राउटरवर होत नसेल तर दोष टॅबचा नाही.

राउटर दिसतच नसेल तर दोन गोष्टी पाहा. कित्येक जुन्या स्वस्त टॅबना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड कळतो, ५ चा नाही. आणि राउटरची सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवली असेल तर जुना टॅब जोडलाच जात नाही. ती डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र प्रकारावर आणा. आणखी एक: निदान तासभर चार्ज करून मगच या खटाटोपाला लागा. थकलेल्या बॅटरीचा टॅब मध्येच बंद पडला की घड्याळ पुन्हा मागे जाण्याची शक्यता असते आणि आपण परत पहिल्या पायरीवर.

एवढं करूनही अडलं, तर आता कुलूप ओळखू.

विंडोजचा टॅब: परवान्याचं कुलूप

खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं आली म्हणून घाबरू नका. टॅब चालतो, फाइल्स उघडतात, नेट चालतं. वॉलपेपर आणि रंग बदलण्याचे पर्याय बंद होतात आणि ती अक्षरं डोळ्यांत खुपत राहतात, एवढंच. म्हणजे घाई नाही, सावकाश तपासायला वेळ आहे.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन असं जा. तिथे तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: आवृत्ती कोणती, म्हणजे होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो की एंटरप्राइज, ॲक्टिव्हेशनपुढे काय लिहिलंय, आणि एरर कोड. कोड लांबलचक असतो, पण ओळखायला शेवटची चार अक्षरं पुरतात.

‘एफ२१३’ म्हणजे या यंत्रावर प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा कोड, सापडलाच नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या परवान्याची की बाहेर स्टिकरवर छापण्याऐवजी मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) चिपमध्ये लिहू लागल्या. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की ती की जुन्या बोर्डासोबत जाते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेला डिजिटल परवानाही त्या यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो, त्यामुळे नवा बोर्ड म्हणजे त्यांच्या लेखी नवा टॅब. आधी कधी हा टॅब मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला असेल तर ॲक्टिव्हेशनच्याच पानावर ट्रबलशूटर चालवून ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडता येतो. पण ते खातं तुमचं असावं लागतं, आणि रिफर्बिश्ड मालात ते सहसा आधीच्या मालकाचं असतं. मग विकणाऱ्याकडेच परवाना मागायचा. रिफर्बिश केलेल्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचा वेगळा परवाना असतो, तो देणं त्याचं काम आहे.

‘७००१’ वर संपणारा कोड या यंत्रासाठी वैध डिजिटल परवाना सापडला नाही असं सांगतो. इथे बोर्ड बदललेला असू शकतो, पण मला आधी संशय येतो तो आवृत्तीचा. टॅब मूळचा होमचा, आणि तयार करणाऱ्याने सगळ्या मालावर एकाच पेनड्राइव्हने प्रो टाकून दिलं. होमचा परवाना प्रोला चालत नाही, होम सिंगल लँग्वेजचा साध्या होमलाही चालत नाही. ३२ बिट की ६४ बिट याचा मात्र परवान्याला फरक पडत नाही. उपाय म्हणजे मूळची आवृत्ती कोरी टाकणं, कारण होमवरून प्रोवर चढता येतं, पण प्रोवरून होमवर तसंच्या तसं उतरता येत नाही. हे करण्याआधी फाइल्सची प्रत काढून ठेवा. बोर्डावर की शाबूत असेल तर इन्स्टॉलर ती वाचून योग्य आवृत्ती आपणच निवडतो. की विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणून पुढे जा, नेट जोडल्यावर परवाना आपोआप लागतो.

कोरं टाकताना जुन्या छोट्या टॅबची एक खोड माहीत असू द्या. २०१३-१४ च्या सुमाराच्या इंटेल ॲटमवाल्या पुष्कळ टॅबमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर, म्हणजे टॅब सुरू करून देणारा आतला प्रोग्रॅम, ३२ बिटचं असतं. त्यांना ६४ बिटचा पेनड्राइव्ह लावला तर त्यावरून टॅब सुरूच (बूट) होत नाही, आणि माणूस पेनड्राइव्ह खराब म्हणून फेकून देतो. ३२ बिटचा बनवा, चालेल. पोर्ट एकच असतो, म्हणून कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह दोन्ही लागतील असा ओटीजी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) जवळ ठेवा. टचस्क्रीन इन्स्टॉलरमध्ये चालेलच याची खात्री नसते.

आता सगळ्यात फसवा प्रकार. टॅब घेतला तेव्हा ॲक्टिव्हेट होता, काही महिने उत्तम चालला, आणि एका सकाळी कोपऱ्यात ती अक्षरं. अपडेटने बिघडवलं असं सगळे म्हणतात, पण बरेचदा अपडेटचा काही संबंध नसतो. मोठ्या संस्था हजारो यंत्रं एकेक करून ॲक्टिव्हेट करत नाहीत, त्यांचा स्वतःचा एक सर्व्हर असतो. त्याला केएमएस म्हणतात. त्याने दिलेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. टॅब दर ७ दिवसांनी ते वाढवून घेण्याचा प्रयत्न करतो. संस्थेतून बाहेर पडलेला टॅब त्या सर्व्हरला हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि मुदत संपली की परवाना गळून पडतो. इथे कोडचा शेवट ‘एफ०७४’ किंवा ‘२३२बी’ असतो.

याची खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून डी-एल-आय असं टाइप करा. दोनेक सेकंदांनी एक छोटी चौकट येते. तिच्यात वर्णनाच्या ओळीत चॅनेल लिहिलेला असतो. ‘रिटेल’ म्हणजे सुटा विकत घेतलेला परवाना, ‘ओईएम’ म्हणजे बनवणाऱ्या कंपनीने यंत्रासोबत दिलेला, आणि ‘व्हॉल्यूम’ व ‘केएमएस क्लायंट’ दिसलं तर तो वरचा उसना प्रकार. त्याखाली कीची शेवटची पाच अक्षरं असतात. प्रोवर ती ‘टी८३जीएक्स’ असतील तर ती मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली केएमएसची सर्वसाधारण की आहे, तुमच्या टॅबची खासगी की नव्हे. शेवटी डी-एल-आय ऐवजी एक्स-पी-आर लिहिलं की ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की अमुक तारखेपर्यंत, ते सरळ वाक्यात कळतं. रिफर्बिश्ड विंडोज टॅब घेतल्या दिवशी करायची ही एकच तपासणी मी प्रत्येकाला सांगतो. सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा परत करायची मुदत असताना कळलेलं बरं.

राहिले दोन कोड. ‘सी००३’ म्हणजे की मायक्रोसॉफ्टने अडवलेली आहे, ‘सी००८’ म्हणजे ती परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली. दोन्हींत तुम्ही काही करण्यासारखं नाही, विकणाऱ्याशी बोला.

जुन्या सल्ल्यांपैकी एक आता चालत नाही. विंडोज ७ किंवा ८ ची की टाकून विंडोज १० ॲक्टिव्हेट करण्याची मोफत वाट अधिकृतपणे जुलै २०१६ मध्ये संपली होती, पण प्रत्यक्षात ती बरीच वर्षं उघडी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केली. त्याआधीच विंडोज १० वर ॲक्टिव्हेट झालेल्या टॅबचा डिजिटल परवाना मात्र टिकून आहे. आणि टॅब विंडोज आरटीचा, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी काढलेल्या विंडोजचा असेल तर त्यावर नेहमीचं विंडोज १० बसतच नाही, त्या नादाला लागू नका. तसंच, विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. परवाना लागला म्हणून त्या टॅबवर बँकेचे व्यवहार करावेत असं मी म्हणणार नाही.

आयपॅड: मालकीचं कुलूप

२०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आलं. ‘फाइंड माय’ ही हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय चालू असलेला आयपॅड पुसला तरी ॲपलचा सर्व्हर त्याला ओळखतो आणि आधीच्या मालकाचं खातं मागतो. स्क्रीनवर अर्धवट झाकलेला ईमेल दिसतो, पहिलं अक्षर आणि पुढे ठिपके. पाचदा रिसेट केला तरी हे जात नाही, कारण कुलूप टॅबमध्ये नाहीच, सर्व्हरवर आहे.

मालक सापडत असेल तर काम पाच मिनिटांचं आहे, आणि त्याला तुमच्याकडे यावंही लागत नाही. त्याने ब्राउझरमधून आयक्लाउडवर जायचं, ‘फाइंड डिव्हायसेस’ मध्ये तो आयपॅड निवडायचा, आधी तो पुसून टाकायचा आणि मग खात्यातून काढायचा. नुसतं पुसून थांबला तर कुलूप तसंच राहतं, ही चूक फार जण करतात. मग तुम्ही टॅब बंद करून चालू करा. पासवर्ड फोनवर मागू नका, त्यानेही देऊ नये. मालक सापडत नसेल तर ॲपल मूळ खरेदीचा पुरावा मागतं. रिफर्बिश्ड टॅबची तुमची पावती ही बहुतेकदा मूळ खरेदीची पावती नसते, म्हणून तो कागद विकणाऱ्याकडूनच मिळवावा लागतो.

खातं न मागता नुसतंच ‘ॲक्टिव्हेट करता येत नाही, सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ असं येत असेल तर ते मालकीचं कुलूप नव्हे. वर सांगितलं तसं कॉम्प्युटरला जोडा. तरीही नाहीच झालं तर रिकव्हरी मोडमधून रिस्टोअर करा. गोल होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचं बटण एकत्र दाबून धरा, केबलचं चित्र येईपर्यंत सोडू नका.

अँड्रॉइड

इथलं कुलूप २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर आलं. सेटिंग्जमधून, स्क्रीनचा पिन देऊन केलेला रिसेट म्हणजे मालकाने स्वतः केलेला, असं गूगल मानतं. बटणं दाबून केलेला रिसेट चोराचा असू शकतो, म्हणून आधीचं खातं विचारलं जातं. माझा टॅब कशात अडकला ते आता लक्षात आलं असेल. टॅब उघडत असेल तर आधी सेटिंग्जमधून सगळी खाती काढा आणि मग तिथूनच रिसेट करा. अडकलाच असेल तर स्क्रीन नीट वाचा. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये खात्याऐवजी आधीचा पिन किंवा पॅटर्नही चालतो.

कुलूप नसताना लॉगिनच होत नसेल तर टॅबचं वय बघा. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर गूगल खात्यात लॉगिन करणं सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे. ४.४ साठी गूगल प्ले सर्व्हिसेसचे (गूगलची ॲप्स आणि खातं चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचे) अपडेट २०२३ मध्ये थांबले. ५.० च्या आधीच्या टॅबवर सुरक्षित जोडणीची आज लागणारी पद्धत मुळातच चालू केलेली नसते. अशा टॅबवर खातं न जोडता, आधी उतरवलेली पुस्तकं आणि गाणी यासाठीच तो वापरावा, असं माझं मत.

संस्थेचं कुलूप, आणि शॉर्टकटबद्दल

सेटअपच्या मध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’ अशी पाटी येऊन एखाद्या कंपनीचं किंवा शाळेचं नाव दिसलं, किंवा ‘हा टॅब तुमच्या संस्थेचा आहे’ असं वाक्य आलं, तर हे तिसरं कुलूप. त्या संस्थेच्या आयटी विभागाने टॅब आपल्या यादीतून मोकळा केल्याशिवाय ते जात नाही. विकणाऱ्याने त्यांच्याकडून रीतसर माल उचलला असेल तर एका सीरियल नंबरवर काम होतं. तो टाळाटाळ करू लागला तर टॅब चोरीचाही असू शकतो, पैसे परत मागा.

‘एका क्लिकमध्ये लॉक काढा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं आणि फुकट ॲक्टिव्हेटर यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोजचे ॲक्टिव्हेटर आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच काय ते समजावं.

विकणाऱ्याशी बोलताना ‘टॅब चालत नाही’ एवढंच सांगू नका. मॉडेल, सीरियल नंबर, एरर कोड आणि त्या स्क्रीनचा फोटो पाठवा, आणि वरच्या तीनपैकी कोणतं कुलूप आहे ते लिहा. टॅब परत करायचं ठरलंच, तर पाठवण्याआधी तपासताना जोडलेलं तुमचं स्वतःचं खातं त्यावरून काढायला विसरू नका. नाहीतर आठवडाभराने पासवर्ड विचारणारा फोन तुम्हालाच येईल.